खंडेनवमीचा कॉम्प्युटर

ग्वाल्हेरच्या थाटीपुरात आमच्या गल्लीत कुणाचा कॉम्प्युटर अडला, मोबाइल भरला, फोटो उडाले, की सगळी वरात माझ्या दारात. "दीदी, जरा देख लीजिए ना." मी सरकारी कचेरीतून निवृत्त झालेली बाई, काही इंजिनीयर नव्हे. आमच्या कचेरीत पहिला कॉम्प्युटर आला तेव्हा पुरुष मंडळी त्याच्यापासून हातभर लांब उभी राहिली आणि मी खुर्ची ओढून बसले, एवढंच माझं शिक्षण. मदत मी करते, पण करता करता बोलतेही. 'पासवर्ड लक्षात ठेवू का' असं त्या यंत्राने विचारलं की हो म्हणू नका. ते लक्षात ठेवतं आणि तुम्ही विसरता. मेल तुमच्या घरात नसते, कंपनीच्या घरात असते. हवी असेल तर उतरवून घ्या. लोक म्हणतात, "अरे दीदी, आप तो गुस्सा हो जाती हैं." होतेच. पण तो राग त्यांच्यावर नसतो.

माझा मोठा भाऊ, आमचा दादा, आखातात नोकरीला होता. मोबाइलवर माणसांचे चेहरे दिसायच्या आधीचे ते दिवस. एका सुट्टीत तो आला, घरी कॉम्प्युटर बसवला, इथल्याच एका लहानशा इंटरनेट कंपनीचं कनेक्शन घेतलं आणि मेलचं खातं काढलं. खातं त्याच्याच नावावर, पासवर्डही त्यानेच घातला आणि 'लक्षात ठेव'वर खूण केली. मला म्हणाला, "तुला काही करायचं नाही. फक्त इथे दाब, की माझं पत्र दिसेल." मी दाबत गेले. दर शुक्रवारी त्याची मेल यायची. मराठी, पण इंग्रजी अक्षरांत, आणि मराठीही आमची ग्वाल्हेरची, पुण्याचे पाहुणे ज्याला हसतात ती. "आई, इकडे गर्मी खूप पडून राहिली आहे." मी मोठ्याने वाचायची, आई पदराने हात पुसत मागे उभी. वाचून झालं की म्हणायची, "आता परत वाच. आता सावकाश."

मग एके दिवशी तिकडे, भाड्याच्या खोलीत, त्याचं हृदय बंद पडलं. पन्नाशीही गाठलेली नव्हती. त्याच्या ऑफिसची मेल त्याच आठवड्यात बंद झाली. उरली ती घरच्या खात्यात आलेली पत्रं. आई दर शुक्रवारी संध्याकाळी खुर्ची आणून बसायला लागली. "हं, वाच." कुठलंही जुनं पत्र चालायचं. मला वाचवत नसे हो. चिडचिड व्हायची, पण वाचायची. आई रडत नसे. मधेच हसायची सुद्धा, जणू आत्ताच आलंय.

ती पत्रं त्या कॉम्प्युटरच्या डब्यात नाहीत, कंपनीच्या मशीनमध्ये आहेत, हे मी आईला किती वेळा सांगितलं असेल! तिचं म्हणणं एकच, "मग तू डबा बंद केलास की ती दिसत का नाहीत?"

दादाच्या जाण्याला दीड वर्ष झालं असेल, तेव्हा आमची ती लहान कंपनी एका मोठ्या कंपनीने गिळली. पोस्टाने सूचना आली. अधिक चांगल्या सेवेसाठी दोन्ही कंपन्यांचं एकत्रीकरण होत आहे, जुन्या ग्राहकांनी अमुक तारखेच्या आत आपल्या खात्यात जाऊन संमती द्यावी, अन्यथा जुनं खातं बंद होईल. सूचना आली तेव्हा नवरात्र सुरू होतं आणि आमचा फोन मेलेला होता, म्हणजे इंटरनेटही, ते तेव्हा फोनच्याच तारेवरून यायचं. लाइनमन आला अष्टमीच्या संध्याकाळी. लाइन जोडली, मी घाईघाईने संमतीचं पान उघडलं, तर ते अर्ध्यावर येऊन थांबे. सगळं गाव तेच पान उघडत असणार. म्हटलं, उद्या शेवटचा दिवस आहे, सकाळी करू.

बाबा निर्धास्त होते. ते ग्वाल्हेर संस्थानच्या कचेरीत कोवळ्या वयात उमेदवार म्हणून लागलेले. संस्थान मध्य भारतात विलीन झालं ते त्यांनी पाहिलं, मग राज्याची पुनर्रचना होऊन राजधानी भोपाळला गेली तेव्हा कचेरीतली दप्तरं बांधून ट्रकवर चढवली. "एकत्रीकरण काय असतं ते मला सांगू नकोस," ते म्हणाले. "आमच्या वेळी अर्ज भरायच्या तारखा वाढत वाढत गेल्या. शेवटची तारीख म्हणजे पहिली तारीख असते. आणि कागद कधी फेकत नाहीत, कुठेतरी पडून राहतात. कंपनी मोठी आहे ना? मग झालं तर."

आमचं घराणं शिपाईगिरीचं. कुठल्याशा शिलेदाराबरोबर दख्खनहून आलेलं. आता घरात एक गंजकी तलवार सोडली तर शिपाईपणाचं काही नाही, पण खंडेनवमी कडक. तलवार, विळी, कात्री, बाबांची जुनी हातोडी, सगळं पाटावर मांडून हळदकुंकू, झेंडू. आणि पूजेला बसलेलं हत्यार दसऱ्याचं सीमोल्लंघन होईपर्यंत उचलायचं नाही. विळीसुद्धा नाही, नवमीची भाजी आदल्या दिवशीच चिरून ठेवायची. दादा गेला ते पहिलं वर्ष सण नव्हताच. ही त्यानंतरची पहिली नवमी.

सकाळी मी आंघोळ करून आले आणि पाहते तर काय! पाटाशेजारी चौरंग, चौरंगावर कॉम्प्युटरचा डबा. तारा काढलेल्या, गुंडाळून नीट बाजूला ठेवलेल्या. डब्यावर कुंकवाची पाच बोटं, वर अक्षता, झेंडूचा हार. माउसवर सुद्धा एक फूल. आणि आई हात जोडून बसलेली.

"आई, हे काय केलंस?"

"का? तुझं हत्यार नाही का ते? घरात तेच तर चालतं आता." मग जरा थांबून म्हणाली, "आणि त्याच्यात माझा मुलगा आहे."

माझं डोकंच फिरलं. मी सांगितलं, आजच्या आज हे चालू केलं नाही तर पत्रं जातील. एकदा सांगितलं, ओरडून सांगितलं. तारा हातात घेतल्या. आई चौरंगासमोर आडवी बसली. "पूजेतून उठवायचं नाही. त्याला तरी नाही. वर्षभर मी काही केलं नाही त्याचं, आज केलंय." बाबांकडे पाहिलं, तर ते म्हणाले, "अगं, एका दिवसाने काय फरक पडतो? उद्या दुपारी सोनं लुटून झालं की कर. तारीख वाढते, मी सांगतो ना."

बाहेरून करावं तर टोपी बाजारातल्या सायबर कॅफेत जाऊन काय करणार? पासवर्ड मला कुठे ठाऊक होता? तो त्या हार घातलेल्या डब्यालाच ठाऊक. तरी गेले. सगळ्यांची नावं, जन्मतारखा, घराचा नंबर, घालून पाहिलं. काही लागलं नाही. परत आले तेव्हा आईने मला वाढून ठेवलं होतं. मी जेवले नाही. त्या दिवशी आईला जे जे बोलले ते आता लिहीत नाही, पण तेव्हाही तिला राग आला नाही. ती अगदी प्रसन्न होती, आणि मला तेच सहन होत नव्हतं.

तारीख वाढली नाही. दसऱ्याच्या दुपारी तारा जोडल्या, पान उघडलं. हे खाते अस्तित्वात नाही. एवढंच वाक्य. आई मागे उभीच होती. "काय लिहिलंय त्याने?" तिने विचारलं.

त्यानंतर कंपनीच्या मदतकेंद्राला फोन करणं हाच माझा धंदा झाला. आपका कॉल हमारे लिए महत्वपूर्ण है, मग ते वाजंत्री, मग एक दाबा, दोन दाबा, मग फोन कट. जुन्या कंपनीचं सराफ्याजवळचं ऑफिस गाठलं, तर तिथे पाटी उतरवलेली आणि आत रंगकाम चाललेलं. एक जण म्हणे जुनं आमच्याकडे नाही, दुसरा म्हणे अर्ज करा, तिसरा म्हणे खातेदाराला फोनवर बोलवा. "खातेदार वारलेत," मी म्हटलं. "तो मैडम, उनसे ही लेटर लिखवा लीजिए." मी फोन आपटला. खरंच आपटला, रिसीव्हरला चीर गेली.

शेवटी एक मुलगी भेटली. शांत आवाजाची. ऐकून घेतलं तिने सगळं. म्हणाली, जुनं अजून पुसलेलं नाही, काही दिवस राहतं. खातं उघडून देता येईल, पण खातेदाराने एक गुप्त प्रश्न ठेवलेला आहे, त्याचं उत्तर द्यावं लागेल. तीन वेळा चुकलं तर कायमचं बंद, मग माझ्याही हातात नाही. प्रश्न होता, तुमचा सर्वांत आवडता पदार्थ कोणता?

मी हसलेच. सुटलो बाई एकदाचे! आईला हाक मारली, फोनचा स्पीकर चालू केला. बाबाही आले. आईला प्रश्न सांगितला तर ती लाजल्यासारखी झाली. "एवढंच होय? हे तर मला झोपेत विचारा." दर होळीला त्याचं पत्र यायचं, आई, तुझी पुरणपोळी आठवून राहिली आहे. आईने फोनजवळ तोंड नेऊन, जरा मोठ्याने, एकेक अक्षर सांगावं तसं सांगितलं, "पुरणपोळी."

"नहीं मैडम, ये नहीं है."

मला वाटलं तिला कळलं नसेल. मी समजावून सांगितलं, मीठी रोटी, चने की दाल की. "समझ गई मैडम. वो नहीं है." बाबा म्हणाले, गजक, आमच्याकडची तिळगुळाची खुसखुशीत वडी. दर हिवाळ्यात परत जाताना तो गजकाचे डबे भरून न्यायचा. तेही नाही. आता एकच संधी. मुलगी म्हणाली, घाई करू नका, मी थांबते.

मी म्हटलं, बेसनाचे लाडू? बाबा म्हणाले, नको, ते तो वाटायला न्यायचा. कढी? बटाटेवडे? आईने डोळे मिटले होते. तो ताटावर बसलेला आठवत असणार, लहान, मोठा, सुट्टीवर आलेला. आधी काय उचलायचा, परत काय मागायचा. तिच्या कपाळावर घाम आला. मग डोळे न उघडता म्हणाली, "साबुदाण्याची खिचडी." म्हणताना आवाजात खात्री नव्हती.

पलीकडे कीबोर्डची टकटक झाली. "सॉरी, माँजी."

आईने एकदम फोन हातात घेतला. "बेटी, तेरे सामने लिखा है ना? क्या लिखा है? खाता मत खोल. मुझे चिठ्ठी नहीं चाहिए. सिर्फ इतना बता दे, उसको क्या पसंद था."

"मैं नहीं बता सकती माँजी," ती मुलगी म्हणाली. "मुझे माफ कीजिए." कुठल्या गावात बसली होती कोण जाणे. माझ्या भावाला काय आवडायचं ते तिला माहीत होतं आणि आम्हाला नव्हतं.

त्यानंतरच्या शुक्रवारी आईने खुर्ची आणली नाही. पुढच्याही नाही. पत्रांचं नाव तिने पुन्हा काढलं नाही, मोठ्या कंपनीला शिव्याही मीच देत राहिले. बाबा एकदोनदा म्हणाले, मुलं असं काहीही लिहितात, मुद्दाम, कुणाला ओळखता येऊ नये म्हणून. खरंही असेल. आईने ऐकून घेतलं.

होळीला तिने पुरण घातलं नाही. वरणभात, भाजी, पोळी. मी ताटावर बसले. ती वाढायला आली आणि डाव तसाच हातात धरून माझ्यासमोर उभी राहिली. पंचेचाळीस वर्षांची होते मी तेव्हा, जन्मभर तिच्याच हातचं जेवलेली.

"तुला काय आवडतं गं?" तिने विचारलं.

मला पटकन काही सांगता येईना. आई तिथेच उभी होती, भात निवत होता.