सभागृह एक, अर्ज दोन

जळगावला विद्यापीठ नवीनच झालं होतं आणि मी परीक्षा विभागात कारकून होतो. आमच्याकडे परीक्षा भरपूर, खोल्या थोड्या. म्हणून नगरपालिकेचं सभागृह मागायला मी तिथल्या हेडक्लार्ककडे खेटे घालायचो. सगळे त्यांना नाना म्हणत. नाना कुठलंही पत्र खालून वर वाचत. "सही खाली असते. माणूस कोण, ते आधी कळलेलं बरं," म्हणत.

एकदा बी.ए.च्या पेपरला मी सकाळी पोहोचलो, तर दारात लग्नाचा मांडव! दोन्ही अर्जांवर नानांचीच मंजुरी होती. रावेर, दोंडाईच्याहून आलेली मुलं फाटकाशी ताटकळत होती.

नाना टोपी काढून थेट वधूपित्यासमोर उभे राहिले आणि अहिराणीत आपली चूक कबूल केली. "भाऊ, मनी चूक शे. लगन दुपारनं शे ना? तीन तास सभागृह पोरेस्ले द्या."

तो भला माणूस. वऱ्हाड मांडवात बसलं, मुलं आत. तेवढ्यात बँडवाल्याने ढोलावर टिपरी टाकली. नानांनी टिपऱ्या हिसकावल्या आणि त्या मांडीवर घेऊन तीन तास दारात स्टूल टाकून बसले. नवरदेवाचा मामा खोकला, तर त्यालाही डोळे वटारले.

पेपर सुटला. नानांनी टिपऱ्या परत करताच मुलं अनोळखी नवरदेवापुढे बेभान नाचू लागली.

नानांनी मला बाजूला घेतलं. "पोरेस्ले पेपर सोपा गया ना?"

मी हो म्हणालो, तेव्हा कुठे ते पंगतीला बसले.