पांढऱ्यांच्या रांगेत

आईचा आजार परत आला होता. पहिल्या वेळी ऑपरेशन झालं, केमो झाली, केस गेले, केस आले, आणि ते प्रकरण मिटलं असं समजून आम्ही वागायला लागलो होतो. मग तिची पाठ दुखायला लागली. डॉक्टर म्हणाले, हाडात उतरलंय. पूर्ण जाणार नाही, पण औषधाने थोपवता येईल, केमो लवकर सुरू करू. आई म्हणाली, नाय.

कारण विचारलं की ती भाजी निवडायला बसायची.

आमच्या घरात कॉलेज पाहिलेली पहिली मी. हे मी सांगते, कारण ते खरं आहे आणि कष्टाने मिळवलेलं आहे. घरात कुठलाही कागद आला, कुठल्याही साहेबाशी बोलायचं झालं की सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळतात. आईचे रिपोर्ट मी वाचायचे, डॉक्टरांशी मी बोलायचे. पहिल्या वेळी ‘कॅन्सर’ हा शब्द आईला मीच सांगितला होता. दादा म्हणत होता, नुसती गाठ म्हण, पुरे. मी म्हटलं, शरीर तिचं आहे, तिला नाव कळायला पाहिजे. दादा दोन दिवस माझ्याशी बोलला नव्हता.

या वेळी मात्र माझं शिक्षण कामाला येईना. मी समजवायचे, ती ऐकून घ्यायची आणि नाय म्हणायची.

तेवढ्यात ऑफिसच्या ग्रुपवर एक मेसेज आला. कॅन्सरच्या गरीब रुग्णांच्या औषधांसाठी रविवारी सकाळी लोधिवलीला सगळ्यांनी मिळून चालायचं होतं. रुग्ण येणार होते, बरे झालेले येणार होते, शेवटी त्यांच्यातलं कोणीतरी बोलणार होतं. मला वाटलं, माझं नाही ऐकत, त्यांना डोळ्यांनी बघेल तर ऐकेल. मी आईला फोन लावला.

“एकदा चालून ये, मग काय ते सांग. त्यानंतर मी एक शब्द बोलणार नाही.”

“खरं?”

“खरं.”

“किती चालायचंय?”

“थोडंच. नाही झेपलं तर बसायचं.”

“बसायला लोधिवलीला कशाला जायचं गं, इथं ओटा हाय की.”

पण ती तयार झाली.

शनिवारी संध्याकाळी मी, माझे मिस्टर आणि लेक पनवेलहून पळसदरीला गेलो. आई तिथे दादाजवळ राहायची. दादाचं खालापूरला तहसीलसमोर झेरॉक्सचं दुकान आहे, त्यामुळे तो उशिरा आला. आला आणि पाय धुता धुताच सुरू झाला.

“आजारासाठी चाललं की आजार पळतो, हे तुझ्या कॉलेजात शिकवलं का गं?”

“पैसे जमतात अरे, औषधाला.”

“मग पैसे द्या आनि घरी बसा. पाय कशाला दुखवता?”

“गप रं,” आई म्हणाली. “तिला बरं वाटतंय तर चालू दे.”

म्हणजे आई माझ्यासाठी येत होती. ते मला तेव्हाच कळलं, पण मी तिकडे लक्ष दिलं नाही.

सकाळी उठून पाहते तर आई पांढरी साडी नेसून तयार. निळी बारीक किनार, कडक इस्त्री. यात आम्हाला कोणालाच काही वेगळं वाटलं नाही. आम्ही बौद्ध. पौर्णिमेला विहारात जाताना, जयंतीच्या मिरवणुकीत, लग्नातसुद्धा आमच्या बायका पांढरंच नेसतात. चार माणसांनी मिळून चांगल्या कामाला चालायचं म्हणजे पांढरं. ते कोणी सांगावं लागत नाही. मला दिसलं ते एवढंच की ब्लाउज तिच्या खांद्यावरून घसरत होता.

दादाने गाडी काढली. लोधिवलीला जुन्या हायवेच्या कडेला मैदानात मांडव घातला होता, स्पीकर लागला होता. लेकीला बाथरूमला जायचं होतं म्हणून मी तिला घेऊन गेले, मिस्टर पाण्याच्या बाटल्या आणायला गेले. आई आणि दादा नाव नोंदवायच्या टेबलाकडे गेले. परत येते तर दादा एकटाच, खांद्यावर निळा टी-शर्ट टाकून उभा.

“आई कुठाय?”

“गेली पुढं. तिची मानसं भेटली तिला.”

“कोणती माणसं?”

“आपली. पांढऱ्यातली. तिला टी-शर्ट नको होता, तर टेबलावरच्या पोरीनंच सांगितलं, आजी तुमी पांढऱ्यातच आलात, छान. फूल लावलं छातीला आनि पुढं नेलं. आई खूश. म्हनली, एवढी आपली मानसं येनार हायत, ही बोलली नाय.”

टेबलामागे एक फलक होता, इंग्रजीत. मी वाचला. पिवळा टी-शर्ट रुग्णांना आणि बरे झालेल्यांना. निळा घरच्यांना. पांढरा, जे गेलेल्या माणसाच्या आठवणीत चालणार त्यांना. आणि पांढरे सगळ्यांच्या पुढे चालणार होते.

“अरे दादा,” मी म्हटलं, “ती मेलेल्यांच्या माणसांत गेली.”

दादाने फलकाकडे बघितलं, मग माझ्याकडे.

चालणं सुरू झालं होतं. मी लेकीचा हात दादाकडे दिला आणि पळतच सुटले. मध्ये पिवळ्यांचा सगळा घोळका. एक बाई डोक्यावर केस नसताना बिनधास्त फोटो काढून घेत होती. एक जाडजूड आजोबा पुढच्याला म्हणत होते, “हळू रे, मी दोनदा वाचलोय, तुझ्यामुळे नको मरायला.” सगळे हसत होते. हीच माणसं मला आईला दाखवायची होती. त्यांच्यातून अंग चोरत मी पुढे गेले.

पांढऱ्यांच्यात बोलणं कमी होतं. आई कडेने चालत होती, तिच्याबरोबर साठीच्या पुढचे एक गृहस्थ. एसटीतून निवृत्त झालेले, हे तिने नंतर सांगितलं. ते खाली बघत बोलत होते.

“शेवटचे तीन महिने बायको हॉस्पिटलातच होती. घरी चला म्हणायची. मी म्हणायचो, एवढा एक डोस होऊ दे. तो झाला की पुढचा. तिलाही वाटायचं, मी एवढं करतोय तर नाही कशी म्हणायची.”

“मग?” आई म्हणाली.

“मग काय. दारातली जाई बघायची होती तिला. नाही झालं.”

मी आईचा दंड धरला. “आई, ही आपली रांग नाही. मागे चल.”

“का गं?”

“हे गेलेल्यांच्या घरचे आहेत.”

आईने आजूबाजूला बघितलं. मग स्वतःच्या साडीकडे. त्या गृहस्थांच्या लक्षात यायला क्षणभर लागला.

“ताई, मग तुम्ही कोणासाठी...”

“मी अजून हाय,” आई म्हणाली.

आणि ती हसली. चांगलं मोठ्याने हसली. ते बिचारे इतके ओशाळले की थांबलेच.

“माफ करा. मी उगाच तुमच्यापुढे नको ते बोललो. माझ्या बोलण्यावर जाऊ नका ताई, कितीतरी लोक बरे होतात.”

“पहिल्यांदा मी पन झाले बरी. तुमी सांगा. आमच्या घरात हे कोन सांगत नाय.”

ती मागे यायला तयार झाली नाही. मी दोघांच्या मागून चालले. पुढचं सगळं मला ऐकू आलं. त्यांच्या बायकोला अन्नाचा वास सोसेना तेव्हा ते जिन्यात बसून डबा खायचे ते, आणि शेवटच्या आठवड्यात ती यांनाच वॉर्डातला माणूस समजून भाऊ म्हणायला लागली ते. आई मध्ये मध्ये नुसतं हं म्हणत होती. एका ठिकाणी तिला दम लागला तेव्हा तेही थांबले. मी पाणी पुढे केलं. ती प्यायली आणि तिने बाटली त्यांना दिली.

परत मैदानात आल्यावर पिवळ्या टी-शर्टातली एक तरुण बाई बोलली. चांगलं बोलली. दुसऱ्यांदा आजार आला, दुसऱ्यांदा लढले, असं सांगितलं. आईने केळं खात खात सगळं ऐकलं, टाळ्या वाजवल्या.

“बघ,” मी म्हटलं.

“बघितलं. लहान पोरं हायत गं तिला. तिनं करायलाच पाहिजे.”

चौक गाव सोडून गाडी कर्जतच्या रस्त्याला लागली तेव्हा आई म्हणाली, “आता सांगू? मला नको ते औषध.”

एक शब्द बोलणार नाही हे माझं वचन तिथेच संपलं. मी किती वेळ बोलत होते मला माहीत नाही. एका माणसाच्या बायकोचं झालं म्हणून सगळ्यांचं तसं होत नाही, त्यांचा आजार वेगळा, तुझा वेगळा, डॉक्टर काय सांगतात, नवीन औषधं कशी आहेत. सगळं खरं होतं. आजही मला ते खरंच वाटतं.

“त्या मानसाचं ऐकून नाय म्हनत मी,” आई म्हणाली. “माझं आधीच ठरलेलं होतं. पन का ठरलंय ते सांगता येत नव्हतं. त्या बाईला घरी जायचं होतं आनि नवऱ्याला वाईट वाटंल म्हनून ती बोलली नाय. मी तुमाला वाईट वाटंल तरी बोलते.”

“म्हणजे आम्ही बघत बसायचं?”

दादा गाडी चालवत होता. आरशात न बघता तो म्हणाला, “तूच बोललीस ना, तिला नाव कळायला पाहिजे.”

“तिला बोलू नको रं,” आई म्हणाली. “तिनं सांगितलं म्हनून मी आज बोलते. नायतर तुमी उचलून नेली असती मला.”

पळसदरी जवळ आली. धरणाकडे जाणाऱ्या गाड्यांची रांग लागली होती आणि आम्ही तिच्यात अडकून बसलो होतो. लेकीने आजीच्या मांडीवर डोकं टाकलं होतं.

सोमवारी मी कामावर गेले नाही, पळसदरीलाच राहिले. मागच्या दाराशी उभी राहून डॉक्टरांना फोन लावला. साहेबाशी बोलायचं काम माझंच.

“आई नको म्हणते,” मी म्हटलं.

“तुम्ही शिकलेल्या आहात,” ते म्हणाले. “नीट समजावलंत ना?”

“समजावलं.”

“मग?”

“तिला समजलंय.”

“बरं,” ते म्हणाले. मग दुखणं वाढलं की काय करायचं ते सांगायला लागले. कोणती गोळी, किती तासांनी, ती पुरेनाशी झाली तर पुढची कोणती. मी हो हो म्हणत गेले. फोन ठेवला तेव्हा आई आतून म्हणाली, “काय म्हनले गं?”

“दुखायला लागलं की सांगा म्हणाले. औषध देतो म्हणाले.”

“बरा मानूस हाय,” ती म्हणाली, आणि थोड्या वेळाने, “आता दुखायला लागलंय. सांग त्यांना.”

मी परत फोन लावला.