बनाबाईचा गुडघा

जत तालुक्यातल्या आमच्या गावात ख्रिस्ती घरं मोजकी, आणि बहुतेकांकडे शेळ्या. त्यामुळे देवाला द्यायचा दशांश, म्हणजे दहावा हिस्सा, शेळ्यांतूनच निघायचा. कापणीच्या सणाआधी वर्षभरातली करडं वाडग्यात, म्हणजे शेळ्यांच्या कुंपणात, कोंडायची, दार एकच करडू मावेल एवढं उघडायचं आणि वर काठी आडवी धरायची. काठीखालून दहावं जे बाहेर येईल त्याच्या पाठीवर गेरूचा पट्टा ओढायचा. ते देवाचं. लंगडं येवो नाहीतर धडधाकट, माणसानं निवडायचं नाही. शास्त्रातच तसं लिहिलंय. सणाच्या रविवारी ते चर्चला नेत आणि उपासनेनंतर अंगणात त्याचा लिलाव होई.

माझी थोरली मावशी बनाबाई विधवा. तिच्याकडे दहा करडं कधी झालीच नव्हती. नऊवर गेली की एखादं लांडगा न्यायचा. "दहावंच न्हाई, तर दशांश कुठला?" म्हणत ती हसायची आणि सणाला अंडी, भोपळा घेऊन जायची. देणं तिला कधी जड गेलं नव्हतं. पंच्याण्णव साली पहिल्यांदा दहा करडं झाली.

नऊ बाहेर पडली. आत एकाऐवजी दोन उरली असं वाटून ती दचकली, मग लक्षात आलं की एक तिचीच जुनी शेळी होती. पण तेवढ्यात बाहेर गेलेलं एक लंगडं बोकडू कुंपणाच्या भोकातून पुन्हा आत शिरलं. आता दारात दोन करडं होती. पुढे काळी पाट, कपाळावर चांदी म्हणजे पांढरा ठिपका असलेली, म्हणून तिचं नावही चांदी, आणि मागे ते लंगडं. पाट म्हणजे मादी करडू. पुढं दूध तिचंच. मावशीची लेक सुवार्ता मिरजेला दिलेली, आठवा महिना चालू. सणानंतर तिला बाळंतपणाला आणायचं होतं, आणि ही पाट मावशीनं मनातल्या मनात नातवाच्या नावानं सोडली होती.

मावशीनं गुडघा आडवा लावला. चांदी अडली. लंगडं फटीतून निसटलं. मावशीनं त्याच्या पाठीवर गेरू ओढला. बघायला कुणी नव्हतं.

रविवारी चर्चच्या पाळकसाहेबांनी नेमका हनन्या आणि सप्पीरेचा वृत्तान्त वाचला. त्या नवराबायकोनं जमीन विकून सगळे पैसे देवाला दिले असं सांगितलं, पण काही मागं ठेवले. आधी नवरा जागीच मरून पडला, मग बायको. मावशी बायकांच्या बाजूला बसली होती. शेजारच्या तानुबाईनं कोपरानं ढोसलं, "काय गं, घाम का आलाय?" मावशी आपला नंबर कधी लागतो याचीच वाट बघत होती.

तिचा लागला नाही. लिलाव चालू असताना टेलिफोनवाला सायकल हाणत आला. जावई आप्पासोचा निरोप होता. सुवार्ताला रक्तस्राव सुरू झालाय, दवाखान्यात नेलंय, लगेच या.

"आवं बनाबाई, एस्टी हाय आत्ता, पळा!" तानुबाई ओरडली.

मावशी पळाली, पण वाडग्याकडे. चांदीला काखेत मारून ती परत आली आणि थेट पाळकसाहेबांसमोर उभी राहिली.

"ही घ्या. दहावी हीच हुती. म्या गुडघा लावला."

पाळकसाहेब सांगलीकडचे, सावकाश बोलणारे. "आत्ता? आधी लेकीकडे जा."

"न्हाई, घ्या आधी! शास्त्रात लिवलंय, दहावं बदललं तर दोनी बी देवाचीच. न्हाईतर त्यो लेक नील माझी."

"भिऊन आणलीस?"

"व्हय. लय भ्यालेय."

"मग मी नाही घेणार. लेकीच्या बदल्यात करडू, असा सौदा तो करत नाही."

हे ऐकून मावशीला धीर यायच्या ऐवजी तिचं उरलंसुरलं अवसान गेलं. "काईनाचं अर्पण बी घेतलं नव्हतं देवानं," ती पुटपुटली. "आन मग हनन्या-सप्पीरा? सकाळी तुमीच वाचलं न्हव्हं?"

पाळकसाहेबांनी चपला पायात सरकवल्या. मग म्हणाले, "तो अध्याय वाचताना मलाही भीती वाटते. चला, मी येतो."

पाळकीणबाई घरातून ओरडल्या, "वचनं एस्टीत सांगा! गाडी सुटतीया!"

चांदी तशीच काखेत राहिली. कंडक्टर म्हणाला, "शेळीचं तिकीट पडंल. नाव काय लावू?"

"देवाची हाय ती," मावशी म्हणाली.

"मग देवानं काढावं की." गाडी हसली. मावशी हसली नाही. पाळकसाहेबांनी तिकीट काढलं. मिरजेपर्यंत मावशीनं खिडकीबाहेर पाहिलं नाही; प्रत्येक थांब्यावर कुणीतरी चढून वाईट बातमी सांगेल असं तिला वाटत होतं.

दवाखान्यात आप्पासो व्हरांड्यात उभा होता. रक्त हवं होतं. त्याचं जुळलं नव्हतं, आणि त्याचा भाऊ चहाला म्हणून गेला तो परतला नव्हता. मावशीचं जुळलं. सुईला ती आयुष्यभर भ्यायलेली. गावात लस टोचायला नर्स आली की शेळ्या घेऊन माळावर जायची. त्या दिवशी तिनं चोळीची बाही स्वतःच वर सारली.

"समदं घ्या," ती म्हणाली.

"समदं न्हाई घेत मावशी," नर्स म्हणाली. "थोडंच घेतो. ते बी परत भरून येतंय."

मावशी बाटलीकडे बघत राहिली. मला तिनं पुढं सांगितलं, तेवढा वेळ भ्या कुठं गेलं हुतं कुणास ठाऊक. बाटली काढली आणि ते परत आलं.

उन्हं कलताना आप्पासो बाहेर आला. सुवार्ता शुद्धीवर होती. मुलगा झाला होता, अगदी चिमणीएवढा. त्याला काचेच्या पेटीत ठेवलं होतं आणि डॉक्टर अजून काही सांगत नव्हते.

मावशी भिंत धरत अंगणात आली. पाळकसाहेब चिंचेखाली बसले होते. जी पाट त्यांनी नाकारली होती तिचंच दावं दिवसभर त्यांच्या हातात होतं, आणि तिनं त्यांच्या सदऱ्याची बाही चघळली होती. बातमी ऐकून त्यांनी दावं पुढं केलं.

मावशीनं हात मागं घेतले. "आता घ्या."

"भीती गेली?"

"न्हाई. पोरगं पेटीत हाय, कशी जाईल?" "पर ही त्याच्यासाठी न्हाई. त्याचं काय व्हायचं ते हूदे. ही देवाचीच हाय. म्या गुडघा लावला नसता, तर सकाळीच आली असती तुमच्याकडं."

पाळकसाहेबांनी दावं मनगटाला गुंडाळलं. चांदी ओरडली. मावशीनं तिच्याकडे पाहिलं नाही. ती वळली आणि पेटी जिथं ठेवली होती त्या खिडकीकडे, गुडघ्यावर हात टेकत, पायऱ्या चढू लागली.