खाऱ्या पाण्यातले हात

टाकीतून हात बाहेर काढले की ती ते कधी पुसत नसे. दोन्ही हात कोपरात वाकवून वर धरायची, बोटांची टोकं डोळ्यांना लावायची आणि तशीच उभी राहायची. पाणी कोपरांवरून निथळून फरशीवर पडायचं. मी टॉवेल पुढे केला की मान हलवायची.

"राहू द्या ताई. आपापलं वाळू द्या."

ही गोष्ट पिंपरीच्या माळावर कारखाने नुकते उभे राहत होते तेव्हाची. कंपनीने परदेशातून आणलेला एक इंजिनियर चिंचवडला रस्त्याकडेच्या बंगल्यात राहत असे. माझे वडील त्याच कंपनीत होते. माझं शिक्षण पुण्यात इंग्रजी शाळेत झालेलं. साहेबाच्या बाईला नोकरांशी बोलायला कोणीतरी हवं होतं, म्हणून वडील मला रोज सकाळी तिकडे पाठवत. मी स्वतः होऊन कुठल्याच भाषेत फारशी बोलत नसे. पण दुसऱ्यांचं बोलणं इकडून तिकडे पोचवणं जमायचं. ते शब्द माझे नसत.

साहेबाची बाई समुद्राकाठी वाढलेली. तिला या कोरड्या माळावर करमेना. म्हणून तिने दिवाणखान्यात पुरुषभर लांबीची काचेची टाकी करून घेतली आणि तिच्यात खरोखरचं समुद्राचं पाणी भरलं. कंपनीची लॉरी मुंबईहून माल आणायची, तिच्यातच लाकडी पिंपांतून हे पाणी घाट चढून यायचं. टाकीत पट्ट्यापट्ट्यांचे मासे होते, दगड होते, आणि फुलासारखा दिसणारा, केस हलवणारा एक लाल प्राणी होता. काचेवर हिरवं शेवाळ धरायचं. ते घासायला रोज खांद्यापर्यंत हात आत घालावे लागत. ते काम तिचं.

ती थेरगावची. पवना ओलांडून यायची. घरची थोडी शेती, नवरा नुकताच कारखान्याच्या बांधकामावर लागलेला. तिने समुद्र कधी पाहिला नव्हता. टाकीतलं पाणी कुठलं, हे मी पहिल्या दिवशी सांगितलं तेव्हा ती मागे सरकली. वहाणा दाराबाहेर काढून परत आत आली.

"खऱ्या समिंदराचं?"

"हो."

"लॉरीत बसून आला?"

"हो."

तिने हात जोडले. "आमच्या सासूबाई समिंदर बघायचा, समिंदर बघायचा म्हनत गेल्या. आन् ह्यो माज्यासाठी घाट चढून आला."

तीर्थ पुसायचं नसतं, हे तुम्हाला सांगायला नको. घोट घेतल्यावर तळव्याला उरतं ते आपण डोक्यावरून फिरवतो. तिच्या लेखी साऱ्या नद्या त्या टाकीत होत्या. अवसेला ती तांब्याभर पाणी घरी न्यायची. गल्लीतल्या बायका तिच्या हातून ते तळव्यावर घेत, तोंडं वाकडी करत आणि म्हणत, "खारट हाय, म्हंजे खरं हाय." हे तिनेच मला सांगितलं, आणि सांगताना तिची मान जरा ताठ झाली होती.

माशांशी तिचं बोलणं चालायचं. एक जाडा करडा मासा काचेला नाक लावून तोंड उघडमीट करत राही. "हे आमचं भावजी," ती म्हणायची. "निस्तं त्वांड उघडत्यात. बोलत काय न्हाईत." मी हे साहेबाच्या बाईला सांगितलं. ती इतकी हसली की त्या माशाचं नावच 'भावजी' पडलं. तिच्या परदेशी उच्चारात ते 'बाउजी' व्हायचं.

दिवाळीनंतर तिच्या हातांना खाज सुटली. आधी बोटांच्या बेचक्यांत लाल झालं, मग मनगटावर, मग कोपरापर्यंत. कातडी खरखरीत झाली, भेगा पडल्या. बांगड्या घासायच्या तिथे लस यायची. बांगड्या तर काढता येत नाहीत. तिने त्यांच्याखाली चिंधी गुंडाळली. चहाचा कप ती पदराआडून घ्यायला लागली तेव्हा माझ्या लक्षात आलं.

तिने उपाय काय करावा? काम संपल्यावरही ती हात टाकीत बुडवून उभी राहू लागली. डोळे मिटलेले, ओठ दाबलेले. झोंबत असणार.

"मावशी, अशाने आणखी दुखत नाही का?"

"दुखतंय की. तीर्थ हाय, दोष धुवून काढतंय. धुताना दुखायचंच."

त्याच सुमारास तिच्या लेकीची सोयरीक जमली. चाकणजवळच्या एका गावचं घर, विहिरीवरची बागाईत. सुपारी फुटली. नवऱ्यामुलाची आत्या घर बघायला आली, आणि चहा देताना पदर सरकला.

पुढचं तिने काच घासता घासता सांगितलं, भाजीचा भाव सांगावा तशा आवाजात. "ताई, तिकडची म्हनत्यात, मला रगतपिती झालीया."

हा शब्द मला नवा होता. घरी आईला विचारला. आईने हातातलं भांडं खाली ठेवलं आणि हळू आवाजात दुसरा शब्द सांगितला. महारोग.

मी साहेबाच्या बाईला सांगितलं. तिने लगेच आम्हा दोघींना गाडीतून कंपनीच्या दवाखान्यात धाडलं. डॉक्टरांनी हात उलटसुलट करून पाहिले, तिला डोळे मिटायला सांगितले आणि टाचणी टोचली. ती एवढ्याने ओरडली की कंपाउंडर धावत आला.

"छान!" डॉक्टर म्हणाले. "ओरडलात ना? तो रोग असता तर कळलंच नसतं. हे मिठाने झालंय. मीठ कातडीवर वाळू देता का?"

"वाळू द्यायचंच असतं."

"द्यायचं नसतं. हात काढला की लगेच गोड्या पाण्याने धुवायचा, कोरडा करायचा आणि हे मलम लावायचं. आणि भेगा भरेपर्यंत टाकीत हात नाही."

परतताना ती गाडीत आपल्या हातांकडे बघत बसली. ओरडल्याचा तिला आनंद झाला होता, पण दुसरीच काळजी लागली. तीर्थ गोड्या पाण्याने धुवायचं? घरातल्या उष्ट्यासारखं? गाडी नदीकाठाने वळली, खाली पवना दिसली.

"मावशी, ही नदी शेवटी कुठे जाते?"

"जाती कुटंबी. खाली."

"समुद्रालाच जाते. मग हिच्या पाण्याने धुतलं तर?"

तिने वळून नदीकडे पाहिलं. मग हसली. "म्हंजे लेक आयेला भेटली म्हनायचं."

त्या दिवसापासून पवनेच्या पाण्याची एक घागर टाकीशेजारी आली. साहेबाची बाई काही दिवस स्वतः काच घासत होती. हिने घरी बसायला मात्र नकार दिला. झाडलोट करायची, पण रोज यायची. "मी कामावर न्हाई दिसले तर लोक म्हनतील, सायबानंबी काढली."

पुढच्या आठवड्यात तिने मला थेरगावला नेलं. डॉक्टर काय म्हणाले ते शिकलेल्या माणसाच्या तोंडून बायकांनी ऐकावं, एवढंच तिचं म्हणणं. अंगणात लग्नाचे तांदूळ निवडायला बायका बसल्या होत्या. मी वाटेत घोकलेलं वाक्य म्हणाले, "डॉक्टरांच्या मते हा केवळ मिठाचा विकार आहे." शाळा तपासायला आलेल्या साहेबाचं ऐकावं तसं त्यांनी ऐकून घेतलं.

तिची म्हातारी चुलतसासू सुपातून मान वर न करता म्हणाली, "मिठानं रोग व्हतो व्हय? मग समदं गावच सडलं असतं."

बायका हसल्या. ही हसली नाही. तिने बाही वर केली आणि हात जावेपुढे धरला.

"जाऊबाई, सुई आना. टोचा. वरडते का न्हाई बगा."

जाऊ सुई घेऊन आली. पण टोचायचं तर हात धरायला हवा होता. तिने सुई तशीच बोटांत धरून ठेवली, मग परत पदराला खोचली. "आसू द्या वो. कशापायी टोचायचं."

अंगणात सुपांचा आवाज तेवढा चालू होता. मग म्हातारीने माझ्याकडे पाहिलं. "तुमाला एवढी खातरी हाय, तर प्या की तिच्या हातचं पानी."

हिने तांब्यातून फुलपात्रात पाणी ओतलं. मी उभ्याने सगळं प्यायले. सगळ्या जणी माझ्या गळ्याकडे बघत होत्या.

"त्यांचं काय," म्हातारी अखेरीस म्हणाली. "दवाखाना दारात हाय त्यांच्या."

ती मला नदीपर्यंत पोचवायला आली. मी नावेत पाय ठेवला तेव्हा म्हणाली, "ताई, पानी ग्वाड व्हतं न्हवं?"

"हो मावशी."

चाकणकडचा निरोप तिचे भावजी घेऊन आले. मुलगी करायला त्यांची तयारी होती. फक्त आईने हळदीला हात लावायचा नाही, जात्यालाही नाही, आणि मांडवात यायचं नाही. कन्यादानाला चुलता-चुलती बसतील.

"जलमभर गप्प बसल्यालं मानूस," ती म्हणाली. "एकदाच त्वांड उघाडलं, आन् हे भाईर पडलं."

"तुम्ही काय म्हणालात?"

"व्हय म्हनलं."

"पण तुम्हाला काही झालेलं नाही!"

"ते मला ठावं, तुमाला ठावं, डाक्टराला ठावं. तिगांत सोयरीक व्हत न्हाई, ताई. ही मोडली तर परत कोन दारात येनार हाय? पोरीला आयुष्यभर माजं हात चिकटतील."

हे म्हणाली तेव्हा तिने हात मांडीवर उलटे ठेवले होते. भेगा भरत आल्या होत्या. मलम, गोडं पाणी आणि विसावा, तिन्हींचा गुण येत होता. ज्यांनी पाहायला हवं होतं त्यांनी मात्र ते हात एकदाच पाहिले होते.

लग्नाच्या दिवशी ती नेहमीच्या वेळेला बंगल्यावर हजर झाली. साहेबाच्या बाईने डोळे मोठे करून माझ्याकडे पाहिलं. मी विचारलं.

"सांगा त्यांना, सुट्टी नगं. घरात बसले तर म्हनतील दाराआड हाय. हितं हाय म्हनल्यावर समद्यांचा जीव खाली."

साहेबाची बाई आपल्या खोलीत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. हिने त्या दिवशी काच घासली, फरशी पुसली, स्वयंपाकघरातली पितळी भांडी काढून विनाकारण चिंचेने लख्ख केली. दुपारी नदीपलीकडून ताशा ऐकू आला. तिचा हात भांड्यावर थांबला. ताशा बंद पडेपर्यंत तसाच थांबला.

साहेब पुढे दोनेक वर्षांनी मायदेशी गेला. टाकी कोणी विकत घेतली नाही. मावशी पुन्हा कधी आमच्या बाजूला आली नाही, आणि वडिलांची बदली झाल्यावर आम्हीही चिंचवड सोडलं. तिला लेकीकडे कधी जाता आलं का, मला माहीत नाही. लग्नाच्या दिवशी तिने लेकीला कसं पाहिलं ते मला माहीत आहे, तेवढंच सांगते.

चाकणची वाट बंगल्यावरून जायची. उन्हं उतरल्यावर वऱ्हाडाच्या बैलगाड्या आल्या. ती मेंदीच्या कुंपणामागे जाऊन उभी राहिली, मीही गेले. पहिल्या गाडीत पुरुष होते. दुसरीत पुढे नवरी बसली होती, मान खाली, मुंडावळ्या हलत होत्या. आई कुठे कामाला जाते हे तिला ठाऊक होतं. बंगल्याच्या फाटकापाशी तिने मान वर केली नाही. फक्त एक हात बाहेर काढला आणि गाडीच्या कडेला साटीवर ठेवला, कोपरापर्यंत उघडा. फाटक मागे पडेपर्यंत तो तिथे होता.

ही कुंपणाच्या आतून बघत राहिली. हाक मारली नाही. गाड्यांची धूळ खाली बसल्यावर माझ्याकडे वळून म्हणाली, "हळद चांगली लागलीया न्हाई, ताई?"