अन्वरने पाडलेला ओघळ

सकाळी ऑफिसला निघताना सलीमचा फोन आला. "अंकल, डॅड इज नो मोअर." मी गाडीची किल्ली हातात घेऊन तसाच सोफ्यावर बसलो. अन्वर गेला... दुबईत अल क्वोजमधल्या गॅरेजात जुन्या अमेरिकन मसल कार पुन्हा जशाच्या तशा उभ्या करणारा, रत्नागिरीचा, माझ्याशी हक्काने भांडणारा अन्वर. महिना होऊन गेला, तरी मला त्याचा रागच येतो. असं न सांगता जातं का कुणी?

मी पुण्याचा, रंगाच्या कंपनीत नोकरीला. त्याला रंग पुरवायचो आणि सल्ले फुकट द्यायचो. नव्वदच्या दशकात एका अरबाची सत्तर सालची लाल गाडी त्याच्याकडे आली. अरबाच्या वडिलांनी नवी कोरी घेतलेली. ते वारले, आणि आता मुलाला ती 'बिल्कुल ओरिजिनल' हवी होती. हा खूश झाला तर त्याचे मित्र गाड्या घेऊन येणार, बिनसलं तर गॅरेजला टाळं, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. पेंटरांनी जीव ओतून असा रंग मारला, की त्यात बघून भांग पाडावा. मी तर बेहद्द खूश. अन्वर मात्र भडकला. "फॅक्टरीत एवढं घासत कोण बसलं होतं? पार नवरी केलीत गाडीची. काढा सगळं." मग पुन्हा रंग मारला, फॅक्टरीतून यायचा तसा, किंचित खरखरीत. शिवाय मूळ गाडीत दाराच्या चौकटीवर आतल्या बाजूला रंगाचा एक ओघळ होता. जुना रंग उतरवण्याआधी त्याने फोटो काढून ठेवलेले. तोही त्याला हवा होता. गॅरेजातल्या लोखंडी कपाटाच्या दारावर तो कितीतरी दिवस ओघळ पाडायचा सराव करत होता.

"डोकं फिरलंय तुझं. तो गाडी तोंडावर मारेल."

"मारू दे. ओरिजिनल म्हणजे ओरिजिनल, भाऊ."

गाडीवरचा ओघळ मनासारखा जमल्यावर त्याचा मधला भाग त्याने हलक्या हाताने घासला. "असाच होता. कुणाचं तरी बोट फिरलंय तिथे," म्हणाला.

गाडी न्यायला अरब आला, दार उघडलं आणि ओघळ बघून तापलाच. "ये क्या काम है? खलास, मेरेको नहीं चाहिये." अन्वर ढिम्म. "पीछे बैठो, हबीबी. जैसे छोटे थे, वैसे." तो पुटपुटत आत शिरायला लागला, आधाराला हात चौकटीवर गेला आणि बोट तिथेच थांबलं. गुळगुळीत भागावरून ते हळूच फिरलं. मग म्हणाला, "बाबा दुकान में जाता... मैं इधर खड़ा रहता." पुढे त्याचे मित्र रांगेने आले, आणि अन्वरने ते मला जन्मभर ऐकवलं.

गेल्या आठवड्यात गॅरेजात गेलो. सलीमने सगळं नवं करून घेतलंय. भिंती पांढऱ्या, कपाटही रंगवलेलं. त्याचं दार तेवढं जुनंच. "आय टोल्ड देम नॉट टू टच दॅट, अंकल." त्यावर लाल ओघळांची ओळ अजून तशीच आहे. शेवटचा, बरोबर जमलेला, मधेच गुळगुळीत लागला. घासला होता तो गाडीवरचा, हा नाही... एवढी वर्षं येता-जाता त्याचंच बोट फिरलं असणार. मीही बोट ठेवलं आणि तिथे उभा राहिलो.