थोरल्या जावयाचा जबडा

माझ्या सासुरवाडीला, मोशीत, मटण केलं की नळी थोरल्या जावयाच्या ताटात पडते. थोरला जावई मी. पण माझ्या खालच्या दोन दाढा काढल्याला बरीच वर्षं झाली, आणि एका रविवारी सासूबाई आतून म्हणाल्या, "त्यांना बिनहाडाचं वाढ गं, चावत न्हाई त्यांना." नळी गेली धाकट्या साडूच्या ताटात. नळी चोखायची असते, तिला दाढा लागत नाहीत, हे सासूबाईंना कोण सांगणार? साडूने ती ताटावर आपटून, चांगला आवाज करत खाल्ली.

हा साडू तळवड्याच्या आयटी कंपनीत आहे. त्याची दाढ गेली तशी त्याने लगेच इम्प्लांट करून घेतलं, म्हणजे जबड्याच्या हाडात स्क्रू आणि त्यावर नवा दात. तेव्हापासून तो जरा जास्तच तोंड उघडून हसतो असं मला वाटायचं. माझा नुसता जळफळाट व्हायचा.

शेवटी मीही चिंचवडला त्याच्याच डॉक्टरीणबाईंकडे गेलो. बायकोने वर साडूलाच सोबत धाडलं. हनुवटी टेकवून, प्लास्टिकची पट्टी दातांत धरून उभा राहिलो आणि मशीन डोक्याभोवती फिरलं. मग पडद्यावर माझा जबडा आला, हवा तसा वळवता येणारा, हवा तिथे कापून बघता येणारा. चाकणच्या टूलरूममध्ये माझा जन्म गेला. डाय, म्हणजे सुटे भाग काढायचा साचा, करण्याआधी आम्हीही ती पडद्यावर अशीच कापून बघतो. त्यामुळे बाईंनी त्या जबड्यात स्क्रू मांडून दाखवला, तेव्हा त्या बोलायच्या आधीच मला दिसलं. खालून नस जाते आणि तिच्यावर हाड पुरत नाही.

दात काढला की तिथलं हाड झिजत जातं, असं त्या म्हणाल्या. साडू वेळेवर आला होता. मी मात्र शिफ्ट आणि ओव्हरटाइम करत बसलो होतो. आता आधी हाड भरायचं, काही महिने थांबायचं, पुन्हा स्कॅन काढायचा, आणि तरी जमेलच असं नाही.

साडूचं हाड कसं होतं, मी विचारलंच. त्यानेच सांगितलं, भरपूर होतं. आता हेही सासुरवाडीला रंगवून सांगणार, असं माझ्या मनात आलं.

तो मात्र पडद्याजवळ वाकून माझा जबडा बघत होता. म्हणाला, "मॅडम, माझं हाड चालत असेल तर घ्या ना. दादांना कशाला थांबवायचं?"

तसं करत नाहीत, बाईंनी समजावलं. रुग्णाचं स्वतःचं तरी घेतात, नाहीतर तयार पावडर मिळते. त्याचा चेहरा खरोखर उतरला. मी त्याच्यासाठी असं म्हणालो असतो का? नसतो. त्याचे दात मी एकवेळ सोसले असते, पण हे तो मनापासून बोलला होता, आणि इतका राग मला त्याचा कधीच आला नव्हता.