आबांच्या गाऱ्हाण्यातलं अकरावं नाव

मी लान्स नाईक असताना आमची तुकडी उत्तर काश्मीरमधल्या एका पोस्टवर होती. उंची तेरा हजार फुटांच्या वर. दहा जण, दोन बंकर, एक रेडिओ सेट. सेट माझ्याकडे. घरी बोलायला दर मंगळवारी प्रत्येकाला सॅटेलाइट फोनवर चार मिनिटं मिळत.

रत्नागिरी तालुक्यातल्या आमच्या गावी फोन मंदा उचलायची आणि लगेच आबांकडे द्यायची. मंदा माझी धाकटी बहीण, आबा आमचे आजोबा. मी सहावीत असताना वडील गेले. आम्हा दोघांना आबांनीच वाढवलं. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. पण कुणाचं घर शाकारायचं असो, कुणा आजाऱ्याला डोलीतून डांबरी रस्त्यापर्यंत न्यायचं असो, आबा सगळ्यांच्या आधी हजर असत.

शिमग्यात पालखी सहाणेवर, म्हणजे तिच्या ठरलेल्या चौथऱ्यावर, बसली की गावाच्या वतीने देवाला गाऱ्हाणं घालायचा मान त्यांचा होता. त्यात ते बाहेर असलेल्या प्रत्येकाचं नाव घेत. मुंबईला कोण, जयगडच्या बंदरावर कोण, सासरी कोण. प्रत्येक नावानंतर गाव एका आवाजात म्हणे, "व्हय म्हाराजा!"

मी पोस्टवर गेल्यावर आबांनी तुकडीतल्या सगळ्यांची नावं मागवली. मी पत्रातून दहा नावं पाठवली. मंदाने ती रोज संध्याकाळी वाचून दाखवली आणि त्यांनी पाठ केली.

त्या शिमग्याला गुरव म्हणाले, "आबानू, गावची पोरं राखताना देवाला दम लागतो. आता पंजाब-बंगाल पण त्याच्याच डोक्यावर?"

"एका बंकरात निजतात ती," आबा म्हणाले. "एकाला राखून दुसऱ्याला कसा टाकील?"

हे मला मंदाने लिहून कळवलं. मी पत्र वाचून दाखवलं तेव्हा बंकर खूप हसला.

दुसऱ्या वर्षी शिमग्याच्या आधी आठ दिवस सिपाही जोगिंदर आमच्यात आला. हिमाचलचा, वय एकवीस. त्या मंगळवारी त्याचं नाव आबांना सांगायचं, असं मी ठरवलं होतं. पण कुंपण कुणी मोडलं, काजू कसा आहे, यातच चार मिनिटं संपली. पुढच्या मंगळवारी सांगू म्हटलं. तोवर पालखी सहाणेवर बसून गेली होती.

पालखी बसल्यावर चार दिवसांनी आमची पेट्रोल, म्हणजे गस्तीची तुकडी, निघाली. पाच जण. हवालदारसाहेब पुढे, जोगिंदर मधे, मी सेट घेऊन त्याच्या मागे. पोस्ट सोडली सकाळी ६.१० ला. ७.२५ ला वरचा बर्फ सुटला.

आम्ही चौघं कमरेपर्यंत गाडले गेलो. जोगिंदर दिसेना.

"ब्राव्हो वन फॉर ब्राव्हो. अॅव्हलांच. एक जवान मिसिंग. ओव्हर."

"ब्राव्हो. पार्टी भेज रहे हैं. खोदते रहो. ओव्हर."

फावडी दोनच होती. बाकीच्यांनी हातांनी उकरलं. ८.०२ ला त्याचा बूट दिसला. बाहेर काढला तेव्हा श्वास चालू होता. मी त्याचा हातमोजा काढला आणि हात चोळत बसलो.

"उस्ताद, मेरी राइफल?"

"है. मेरे पास है."

त्याने मान हलवली. पोस्टवरची पार्टी ८.४० ला पोहोचली. तो ८.२० लाच गेला होता. मी तोवर हात सोडला नव्हता.

हिमस्खलनाची बातमी गावापर्यंत गेली. मंगळवारी फोन आबांनीच उचलला.

"यादीतले सगळे हायत ना?"

"व्हय आबा. यादीतले सगळे आहेत."

शब्द खरे होते. आबांनी त्याच दिवशी घरोघरी नारळ-गूळ वाटला. देवाने राखलं, असं सांगत ते वाडीभर फिरले. मंदाने हे कळवल्यावर खरं सांगायची माझी हिंमत झाली नाही. ज्याचं नाव घ्यायचं राहिलं तोच गेला, हे ऐकून आबा पुन्हा गाऱ्हाण्याला उभे राहिले नसते, अशी मला खात्री होती. पुढची अकरा वर्षं ते तीच दहा नावं घेत राहिले. त्यातली माणसं निवृत्त झाली, एकाला नातू झाला, तरी यादी तीच.

मीही निवृत्त होऊन गावी आलो. गेल्या पावसाळ्यानंतर आबांनी अंथरूण धरलं. वय एक्याण्णव. एका दुपारी पडवीत त्यांचे पाय चेपताना मी सगळं सांगितलं. वेळेसकट.

त्यांनी भिंतीकडे तोंड वळवलं. मग म्हणाले, "पाणी दे."

पाणी प्यायल्यावर विचारलं, "घरी कोण त्याच्या?"

"आई. एक बहीण."

"त्यांना काय लिवलंस?"

"पलटणीतून पत्र गेलं होतं."

"पलटणीचं नाय इचारत. हात कुणी धरला होता?"

"मी."

"मग अकरा वर्षं मला भ्यालास? मी नारळ वाटून मोकळा झालो. ती माऊली बसली आसंल. ऊठ. आधी लिव."

पत्ता जुन्या हवालदारसाहेबांनी मिळवून दिला. पत्राला मला चार दिवस लागले. राइफलचं लिहिलं. हात सोडला नव्हता, तेही लिहिलं.

तीन आठवड्यांनी पार्सल आलं. आत वाळवलेले जर्दाळू आणि बहिणीचं हिंदी पत्र. मंदाने ते आबांना मराठीत करून सांगितलं. 'त्याने बर्फाखाली एकट्यानेच जीव सोडला, असं आई इतकी वर्षं समजत होती. तुमचं पत्र तिने तीनदा वाचून घेतलं. मग म्हणाली, चहा टाक. तो गेल्यापासून पहिल्यांदा स्वतःहून चहा मागितला.'

आबांना दात नव्हते. एक जर्दाळू त्यांनी बराच वेळ गालात धरला.

"गोड हाय. त्यांना आमसुलं धाड. केळी नको, वाटेत सडतील."

आमसुलं मी त्याच आठवड्यात पाठवली. मलाही हलकं वाटत होतं. आबा त्यानंतर नवव्या दिवशी सकाळी गेले. मंदा उशाशी होती. हात माझ्या हातात होता.

या शिमग्याला गावाने गाऱ्हाणं मला घालायला सांगितलं. मी नावं कागदावर लिहून नेली होती, पण कागद खिशातच राहिला. मुंबई झाली, जयगड झालं, आबांची दहा नावं झाली.

गुरव हळूच म्हणाले, "कोण ऱ्हायला नाय ना?"

"सिपाही जोगिंदर," मी म्हणालो.

"व्हय म्हाराजा!"

मग मी आबांचं नाव घेतलं. गावाने साद दिली. गुरवांचा आवाज मात्र त्यात नव्हता. ते डोळे पुसत होते.

"आता?" त्यांनी विचारलं.

"आता सगळे झाले," मी म्हणालो.